बदली रुग्ण

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. जयपूरच्या मालवीय नगरमधील आमच्या पुनर्वसन केंद्रात फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांसाठी आखलेल्या बारा आठवड्यांच्या कार्यक्रमाचे पहिले सत्र नुकतेच सुरू झाले होते. सहा सतरंज्यांवर सहा स्त्रिया असणे अपेक्षित होते. मी मोजल्या, तेव्हा पाच स्त्रिया आणि एक वयस्कर गृहस्थ भरले. गृहस्थांच्या अंगात इस्त्रीची पँट, कमरेला पट्टा, खोचलेला शर्ट, गळ्यात मफलर आणि पायांत नवे कोरे पांढरे बूट होते. हा आजार पुरुषांनाही होतो, त्यामुळे मी आक्षेप घेतला नाही. केवळ हजेरीसाठी नाव विचारले. त्यांनी एका बाईचे नाव सांगितले.

"हे तुमचं नाव?"

"बायकोचं."

"मग त्या कुठे आहेत?"

"घरी. पडून हाय. मी तिच्या बदल्यात आलो."

ज्यांना या आजाराचा परिचय नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगते की यात सर्वांगाला महिनोन्‌महिने वेदना होतात, झोप लागूनही विश्रांती मिळत नाही आणि तपासण्यांत काहीही सापडत नाही. उपचारांचा मुख्य भर दोन गोष्टींवर असतो. एक, अगदी थोडक्यापासून सुरू करून सावकाश वाढवत नेलेला व्यायाम. दुसरी, वेदना कशी निर्माण होते याचे रुग्णाला दिलेले शिक्षण. या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने करता येत नाहीत, हे कोणाला समजावून सांगावे लागेल अशी कल्पना मी माझ्या संशोधनाच्या आराखड्यात केलेली नव्हती.

मी सांगितले, "काका, बायकोची गोळी तुम्ही घेऊन चालेल का? तसंच व्यायामाचं आहे."

काकांनी विचार केला. मग मफलर सैल करीत म्हणाले, "म्याडम, पंधरा दिवसांमागं आमच्या गल्लीतल्या साऱ्या बायका करवाचौथले उपाशी राह्यल्या. उमर कोणाची वाढली? नवऱ्याची. उपास बायकोनं केला त नवऱ्याले लागू पडते, मंग कसरत नवऱ्यानं केली त बायकोले काऊन लागू पडत नाई?"

या युक्तिवादाचे खंडन सोपे होते. अडचण अशी की, समोर बसलेल्या पाचही स्त्रियांनी तो उपवास केला होता, आणि 'करवाचौथ' एवढा शब्द कानी पडताच त्या पाचही जणी माझ्या उत्तराकडे डोळे लावून बसल्या होत्या.

मी म्हटले, "बसा."

काका मूळचे अकोला जिल्ह्यातले. रेल्वेत सिग्नल विभागात निरीक्षक होते. बदल्या होत होत जयपूरला आले, येथेच निवृत्त झाले आणि सोडाला वस्तीत घर बांधून राहिले. निवृत्ती हा शब्द त्यांना मान्य नव्हता. त्यांच्या मते सिग्नलचा माणूस निवृत्त होत नाही, फक्त त्याला पगार देणे बंद होते. कोणतीही गोष्ट एकदा तपासून त्यांचे समाधान होत नसे. खुर्चीवर बसण्यापूर्वी ते ती दोनदा दाबून पाहत. लिफ्टचे बटण दोनदा दाबत. मला विचारलेला प्रश्न बाहेर जाऊन पुन्हा स्वागतकक्षातील मुलीला विचारत, आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच मान हलवीत. "एकदा झालं त योगायोग," ते म्हणत, "दोनदा झालं त सिग्नल." माझ्या सहा वर्षांच्या विज्ञानशिक्षणात पुनरावृत्तीच्या तत्त्वाचे इतके कट्टर पालन मी पाहिले नव्हते, आणि त्याचा इतका त्रासही सोसला नव्हता. स्वागतकक्षातील मुलगी त्यांना दुरून पाहताच म्हणायची, "दीदी, आपने अंकलजी को जो बताया, मुझे भी बता दो, अभी पूछने आएँगे."

कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रत्येक रुग्णाला एक उद्दिष्ट विचारले जाते. बरे होणे हे उद्दिष्ट धरत नाहीत. काहीतरी ठोस, डोळ्यांना दिसणारे सांगावे लागते. कोणी म्हणाली, नातवाला उचलून घ्यायचे आहे. कोणी म्हणाली, कणीक मळायची आहे. काकांची पाळी आली.

"काकूंना काय करायचं आहे?" मी विचारले.

"तिनं मले झापलं पायजे."

"म्हणजे?"

"पहिले चांदपोलपासून बडी चौपडपर्यंत आमी पायी जाऊ. रस्ताभर ती मले झापे. मी हळू चालतो, पिशवी वाकडी धरतो, दुकानदाराच्या तोंडाकडं पायत बसतो. आता दोन वर्षं झाले. बाजार बंद, झापणं बी बंद. भितीकडं तोंड करून पडून रायते. मतलब, घर अगदी शांत हाय म्याडम. सहन होत नाई."

मी उद्दिष्ट नोंदवले ते असे : बाजारात पायी जाणे. दुसरा भाग मोजण्याचे प्रमाणित साधन उपलब्ध नव्हते.

त्याच दिवशी सहा मिनिटे चालण्याची चाचणी होती. तीस मीटरच्या पट्ट्यावर रुग्णाने सहा मिनिटांत जितके जमेल तितके अंतर चालायचे असते. काका कमरेचा पट्टा आवळून, मुठी वळून असे निघाले की बाकीच्या स्त्रिया भिंतीला चिकटल्या. पाचशे मीटरच्या पुढे गेले.

"टाका तिच्या नावावर," ते धापा टाकत म्हणाले.

"काका, तुमच्या पायांचं अंतर त्यांच्या नावावर जमा होत नाही."

"थोडं बी नाई?"

"थोडंही नाही."

"अर्धं टाका. संसार दोघांचा हाय."

काकूंचा रकाना मी रिकामा ठेवला. विभागप्रमुखांकडे तक्रार केली. त्यांनी चष्म्यावरून पाहत सांगितले, "बैठने दो. घरवाले भी सीखें, इसमें बुरा क्या है?" अशा रीतीने काका आमच्या केंद्रातील पहिले आणि अद्याप एकमेव बदली रुग्ण झाले.

शिक्षणाच्या सत्रात मी सांगत असे की या आजारात वेदना पूर्णपणे खरी असते, मात्र ती इजा झाल्याची खूण नसते. मज्जासंस्था अतिसंवेदनशील होते आणि धोका नसतानाही इशारा देत राहते. यासाठी मी घराच्या धोक्याच्या घंटेचे उदाहरण देते. मांजर गेले तरी वाजणारी घंटा. सर्वांना समजते, चार मिनिटे लागतात. त्या दिवशी काकांनी हात वर केला.

"म्याडम, मी सांगू? रुळात पाणी साचलं का सिग्नल लाल होते. गाडी नसते, पण लाल मात्र खरंच असते."

उदाहरण उत्तम होते, हे मी मान्य केले. तेथेच त्यांनी थांबणे उचित ठरले असते. परंतु काका फळ्याकडे आले आणि वर्गासाठी हिंदीत सुरू झाले. त्यांनी रूळ काढले, रुळांत वीज सोडली, बॅटरी जोडली, मग मूर्तिजापूरजवळ पावसाळ्यात घडलेली एक हकिकत सांगितली, जिच्यात एक म्हैस होती, आणि ती म्हैस रुळांवरून हलवेपर्यंत माझे सत्र संपत आले होते. चारदीवारीतून, म्हणजे जुन्या तटबंद शहरातून, येणाऱ्या एका शिक्षिका बाईंनी चिंतित होऊन विचारले, "तो मैडम, मेरे घुटनों में पानी भर गया है क्या?"

दुसरीने विचारले, "और भैंस किस बीमारी को कहते हैं?"

पुढचे संपूर्ण सत्र मी त्या गुडघ्यांतले पाणी काढण्यात घालवले. काका दाराशी उभे राहून प्रत्येक बाईला जाताना विचारत होते, "समझ में आया?" आणि थोड्या वेळाने, पडताळणीसाठी, "सच में आया?"

घरी गेल्यावर त्यांनी तेच व्याख्यान काकूंना दिले. त्याचा परिणाम मी प्रत्यक्ष पाहिला, कारण त्याच आठवड्यात काकूंची समजूत घालण्यासाठी मी सोडाल्याला गेले होते. काकू पलंगावर पाठमोऱ्या होत्या. बारीक, गोऱ्या, केसांचा घट्ट अंबाडा. मी ओळख करून दिली. त्यांनी वळून न पाहता म्हटले, "पोरी, तीस वर्षं घरात सिग्नलच ऐकले मी. आता माझ्या अंगात तरी या माणसाचं ठेसन नको."

"काकू, एकदा येऊन बघा. तपासण्या काही नाहीत."

"तपासण्या झाल्या. साऱ्या नॉर्मल निंघाल्या." आता मात्र त्या वळल्या. "अन् नॉर्मल निंघाल्यावर यायनं काय केलं माईत हाय? पेढे वाटले. पुऱ्या गल्लीत. मी अठी हात वर करू शकत नाई, केस विंचरू शकत नाई, अन् हे दारोदार पेढे देऊन रायले, बायको एकदम ठीक हाय म्हून. त्या दिवसापासून कोणी मले विचारत नाई, बाई कशी हायेस. विचारतीन कशाले? पेढा खाल्ला ना त्यायनं!"

काका दाराशी बुटांची नाडी पुन्हा बांधत होते. ती आधीच बांधलेली होती.

मी परतले. काकूंचा रकाना रिकामाच राहिला. त्यांना पटवण्यासाठी आमच्याकडे जे काही होते, ते सर्व मी वापरून पाहिले होते. जे शेवटी उपयोगी पडले, ते आमच्याकडे नव्हते. ते समोरच्या गच्चीवर होते.

डिसेंबर लागला की जयपूरच्या वस्त्या सकाळी गच्चीवर राहायला जातात. मटार गच्चीवर सोलले जातात, केस गच्चीवर वाळतात आणि शेजाऱ्यांच्या प्रकृतीची चौकशी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर होते. काका ऊन पडताच वर येऊन बायकोच्या वाटचा व्यायाम करू लागले. आता बदली म्हणजे बदली. ते केवळ हात वर करीत नसत. ज्या टप्प्यावर काकूंचा खांदा दुखे, त्या टप्प्यावर ते थांबत, तोंड वेडेवाकडे करीत आणि मोठ्याने "आई गं!" म्हणत. खुर्चीवरून उठताना गुडघे धरून कण्हत. पायऱ्यांवर दोनदा बसत. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "दुखल्याशिवाय केलं त ते माझ्या खात्यात जाईन."

समोरच्या भाभीजींनी तीन दिवस हे पाहिले. चौथ्या दिवशी त्या डिंकाचे लाडू घेऊन आल्या. "अंकलजी, सर्दी में जोड़ों के लिए बहुत अच्छे हैं। हमसे देखा नहीं जाता।" दुसऱ्या दिवशी पलीकडच्या घरातून मेथीचे लाडू आले. मग मालिशचे तेल. मग शेकण्याची पिशवी. एका सज्जनांनी गावाकडून सांडणीचे दूध मागवले आणि ते पिऊन होईपर्यंत समोर उभे राहिले. काकांनी प्रत्येक वस्तू पत्नीच्या वतीने स्वीकारली. लाडू तिला पचायला जड जातील म्हणून तेही तिच्या वतीने खाल्ले. गल्लीतील एका मुलीने तर त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला. काकांना त्या वेळी रस्ता ओलांडायचा नव्हता. ते परत येण्यासाठी ती दिसेनाशी होईपर्यंत थांबले.

काकू हे सर्व खोलीतून ऐकत होत्या. ज्या दिवशी भाभीजी त्यांच्याच पलंगावर बसून, त्यांचाच हात हातात घेऊन म्हणाल्या, "आंटीजी, हिम्मत रखिए, अंकलजी ठीक हो जाएँगे," त्या दिवशी हा प्रयोग माझ्या नियंत्रणाबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग सुरू होण्याआधी सभागृहाचे दार उघडले. काकू उभ्या होत्या. एका हाताने दाराची चौकट धरलेली, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. रिक्षातून उतरून पायऱ्या चढून आल्याने चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी डबा माझ्या टेबलावर आपटला. आत अडीच लाडू होते.

"दुखते मले," त्या म्हणाल्या. "अन् लाडू खाते हा माणूस."

काका सतरंजीवर बसल्या जागी खाली पाहू लागले.

"कागदावर नाव कोणाचं हाय, पोरी?"

"तुमचं, काकू."

"मंग उठवा यायले तिथून. माझी जागा हाय ते."

काका उठले. सतरंजीवरची घडी दोन्ही हातांनी सारखी केली, ती दोनदा दाबून पाहिली आणि दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बाकीच्या पाच जणींनी टाळ्या वाजवल्या. मी दहापैकी किती वेदना आहे असे विचारले. काकूंनी सांगितले, "आठ," आणि मी ते नोंदवताना त्या माझ्या पेनाकडे पाहत होत्या. मी काही कमी लिहीत नाही ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

अभ्यास निम्म्यावर आलेला असल्याने काकूंना त्यात धरता येत नव्हते. तसे धरले असते तर माझे निष्कर्ष दूषित झाले असते, आणि त्या निष्कर्षांच्या जोरावर मला पुढे परदेशी जायचे आहे. म्हणून त्याच वर्गात बसवून मी त्यांचे बारा आठवडे वेगळे मोजायला सुरुवात केली. पहिल्या चाचणीत त्या दोनशे मीटरही पूर्ण करू शकल्या नाहीत. दोनदा भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाहेर बाकावर काका प्रत्येक वेळी अर्धे उठत आणि पुन्हा बसत होते.

पेढ्यांचा विषय त्यांच्या तिसऱ्या सत्रात निघाला. तपासण्या नॉर्मल येणे आणि माणूस बरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी सांगत होते. काकूंनी लगेच वर्गाला पेढ्यांची हकिकत सांगितली. हिंदीत, हावभावांसह. पाच चेहरे दाराकडे वळले. शिक्षिका बाई म्हणाल्या, "हाय राम, अंकलजी, पेड़े?"

काका बाकावरून उठून उंबऱ्यापर्यंत आले.

"मले वाटलं कॅन्सर निंघते," ते काकूंकडे पाहून म्हणाले. "आठ दिवस झोपलो नाई मी. रिपोर्ट हातात आला, नाई निंघाला. मंग पेढे नाई वाटू त काय गाजरं वाटू?"

काकूंनी विचारले, "हे मले काऊन नाई सांगतलं?"

"तू बोलतच नव्हती माझ्यासंग."

"तुमी पेढे वाटले म्हून नव्हती बोलत!"

"आता हे मले काय माईत!"

कार्यकारणाची ही साखळी दोन्ही टोकांनी बंद होती आणि दोघेही तिच्यात दोन वर्षे बसले होते. वर्गाला मराठी येत नव्हती, तरी सर्व जणी हसत सुटल्या. काकूंनी पदराने तोंड झाकले. हसत होत्या की दुसरे काही, हे मला सांगता येणार नाही. सत्र मात्र पुढे झाले नाही.

त्यानंतर काकू झपाट्याने सुधारल्या असे लिहिणे मला आवडले असते. या आजाराची रीत तशी नाही. पहिला बरा दिवस उगवताच त्यांनी घरातल्या सगळ्या रजया धुवायला काढल्या, आणि पुढचे चार दिवस पलंगावर काढले. यालाच आम्ही टाळायला शिकवतो. बऱ्या दिवशीही ठरलेलेच काम, वाईट दिवशीही थोडेसे तरी. काकांनी हे तत्त्व अमलात आणण्याची जबाबदारी घेतली. त्यांनी कपडे धुण्याची पावडर आपल्या अवजारांच्या पेटीत कुलूप लावून ठेवली आणि दररोज तीन चमचे बाहेर काढू लागले. काकूंनी किराणावाल्याकडून दुसरी पुडी आणवली. काकांनी किराणावाल्याला भेटून सांगितले, "भैया, हमारे घर में साबुन मना है।" गल्लीत पुन्हा हळहळ पसरली. आता नवीन आजार कोणता, याची चर्चा भाभीजींच्या गच्चीवर चालू झाली.

फेब्रुवारीत काकू स्वतःच्या हाताने केस विंचरून आल्या. हे त्यांनी मला सांगितले नाही. काकांनी सांगितले, आणि मग स्वागतकक्षातील मुलीलाही सांगितले.

मार्चच्या एका सकाळी त्यांची शेवटची चाचणी झाली. बाहेर ऊन कडक होऊ लागले होते. नियमाप्रमाणे चालणाऱ्याशी कोणी बोलायचे नसते. परीक्षकाने ठरावीक वेळी ठरावीक वाक्ये म्हणायची, एवढीच सूट असते. काका बाकावर दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसले होते. काकू पहिल्या फेरीत सावध होत्या. दुसऱ्या फेरीपासून त्यांची लय बसली. कुठेही टेकल्या नाहीत. सहा मिनिटे झाली तेव्हा तीनशे साठ मीटर झाले होते. मी म्हटले, "थांबा, काकू."

काकू थांबल्या नाहीत. पट्टा संपला तरी त्या तशाच पुढे निघाल्या, सभागृहाच्या दारातून बाहेर, बाकासमोरून जिन्याकडे.

"अवो, उठा ना! बसून काय रायले पुतळ्यासारखे?" त्यांचा आवाज आला. "पिशवी घ्या. ऑटो पाहा चांदपोलचा. तुमचं आवरेपर्यंत ऊन होईन."

काका उठले. माझ्या समोरून जाताना त्यांचा चेहरा असा होता की मी नजर कागदाकडे वळवली. पिशवी त्यांनी वाकडीच धरली होती.

चाचणीनंतरचा एक प्रश्न राहिला होता आणि तो विचारल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. मी कठड्यापाशी धावत गेले. दोघे निम्मा जिना उतरले होते.

"काकू! आता वेदना किती? दहापैकी?"

"पाच लिहा म्याडम, पाच!" काका वर पाहून उत्साहाने ओरडले.

"तुमी चूप राहा," काकू म्हणाल्या. त्यांनी कठडा धरला होता, पण उतरणे थांबवले नव्हते. "दुखणं माझं हाय. सहा!"

मी लिहिले : सहा.